काच पुसायची नाही, धुऊन सोडायची

नमस्कार मंडळी. बोलायला लागण्याआधी या दोन काचेच्या पट्ट्या पुढच्या रांगेत देतो, त्या मागे मागे जाऊ द्या. लाल दोरा बांधलेल्या पट्टीवर काल संध्याकाळी विहिरीच्या पाण्याचे पाच थेंब टाकून पंख्याखाली सुकवले. पाच पांढरी कडी दिसतील, कडेला दाट आणि मध्ये विरळ. नखाने खरवडलंत तर पीठ निघेल. दुसऱ्या पट्टीवर तेवढेच थेंब टाकले होते, पण ते माझ्या टाकीतल्या, क्षार काढलेल्या पाण्याचे. ती उजेडाकडे धरा आणि थेंब कुठे पडले होते ते शोधून दाखवा.

तुमच्यापैकी बरेचजण समुद्राकडे तोंड करून खोल्या भाड्याने देता. पाहुणा येतो तो त्या काचेतून समुद्र बघायला, आणि काच तर दोन दिवसांत धुरकट होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटल्या की त्याचे बारीक तुषार खाऱ्या वाऱ्याबरोबर येऊन काचेवर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. आपल्याकडे ते बहुतेक रात्री होतं. त्या ओलाव्यात रस्त्याची लाल माती चिकटते आणि दुपारच्या उन्हात सगळं वाळून घट्ट बसतं. मग आपण फडकं घेऊन ते चोळतो, म्हणजे मिठाचे खडे आणि माती काचेवर घासतो. वर विहिरीचं पाणी मारतो, आणि ते सुकलं की तुमच्या हातातली कडी उमटतात.

पाण्यात काहीच नसेल तर सुकल्यावर काही उरणारही नाही. पुसायची गरज पडत नाही. लांब पोलच्या टोकाला ब्रश असतो, त्यातून पाणी येतं. जमिनीवर उभं राहून घासायचं, वरून खाली धुवायचं आणि सोडून द्यायचं. हे मी मनापासून सांगतो, कारण पूर्वी आम्ही शिडीवर चढायचो. एका श्रावणात शेवाळलेल्या जांभ्यावरून शिडी सटकली आणि माझ्या जोडीदाराच्या मनगटाचं हाड मोडलं. त्या दिवसापासून काचेसाठी शिडी लावलेली नाही. पोल वापरताना मात्र विजेच्या तारांपासून लांब राहा. कार्बन फायबरच्या पोलमधून वीज उतरते, आणि ओला पोल कशाचाही असला तरी भरवशाचा नाही.

आता असं पाणी मिळवायचं कसं? तुमच्या स्वयंपाकघरात आरओ आहे, त्याचंच तत्त्व. पाणी दाबाने मेम्ब्रेनवर, म्हणजे अगदी बारीक गाळणीच्या पडद्यावर, ढकललं की पाणी पार होतं आणि क्षार अलीकडे राहतात. कामाला येईल असं मेम्ब्रेन 1960 च्या सुमारास सिडनी लोब आणि आपल्या भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी कॅलिफोर्नियात बनवलं. चांगलं मेम्ब्रेन शंभरातले 95 हून जास्त क्षार अडवतं. म्हणजे 400 टीडीएसचं (टीडीएस म्हणजे एका लिटरात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) पाणी 20 च्या आसपास येतं. काचेसाठी मला 10 च्या आत लागतं. उरलेलं काम रेझिनची, म्हणजे क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची, बाटली करते, आणि आत येणारं पाणी 400 ऐवजी 20 चं असेल तर तेच रेझिन वीसपट चालतं. रेझिन महाग आहे, म्हणून आधी मेम्ब्रेन.

घरातलं मशीन जसंच्या तसं जोडू नका. त्यात टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मिनरलचं कार्ट्रिज असतं, ते क्षार घालतं. दोन्ही काढायची. मी पहिले दोन महिने ती काढली नव्हती आणि डाग का पडतात ते मला कळेना. मेम्ब्रेनच्या आधी कार्बन फिल्टर हवाच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेम्ब्रेनला खाऊन टाकतं.

75 गॅलनचं घरगुती मेम्ब्रेन दिवसाला सुमारे 284 लिटर देतं, म्हणजे तासाला 12. पोल मात्र मिनिटाला दोन लिटर पितो. म्हणून रात्री टाकी भरून ठेवायची, आणि म्हणूनच मेम्ब्रेन दोन लावायची. दोन्ही शेजारी शेजारी जोडली, दोघांना वेगळं पाणी दिलं, की रात्रीच्या दहा तासांत 240 लिटर होतात. सकाळी ती टाकी टेम्पोत घालून धोपाव्याच्या फेरीबोटीने मी दाभोळला जातो.

पण या जोडणीत वाया जाणारं पाणीही दुप्पट होतं, आणि माझं मन तिथे अडकतं. शुद्ध एका लिटरमागे तीन लिटर गटारात गेले तर 240 लिटरसाठी 720 लिटर गेले. वैशाखात वाडीत टँकर येतो तेव्हा असं करायला हात धजत नाही. शिवाय किनाऱ्यावरच्या विहिरीचं गणित वेगळं आहे. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा जितकी उंच, त्याच्या साधारण 40 पट खोलीपर्यंत खारं दबलेलं राहतं. उपसून पातळी एक हात उतरवली तर खालून खारं कित्येक हात वर सरकतं. म्हणजे आपण पाणी वाया घालवतो तेवढी आपलीच विहीर खारी करतो, आणि पुढच्या महिन्यात तेच खारं पाणी आपल्या मेम्ब्रेनवर येतं.

म्हणून मी दुसरी जोडणी करतो. पहिल्या मेम्ब्रेनने टाकलेलं पाणी दुसऱ्यात सोडायचं. चार लिटर आत गेले, पहिल्याने एक शुद्ध दिला आणि तीन टाकले. त्या तिनांतून दुसऱ्याने आणखी एक काढला. दोन शुद्ध, दोन बाहेर. पहिल्याच्या मागची एफआर, म्हणजे प्रवाह अडवणारी नळी, काढून टाकायची आणि ती फक्त दुसऱ्याच्या शेवटी ठेवायची, नाहीतर दुसऱ्याला दाबच मिळत नाही. दुसऱ्याला खारट पाणी मिळतं, त्यामुळे त्याचं शुद्ध पाणी पहिल्यापेक्षा थोडं जड, म्हणजे जास्त क्षारांचं, येतं आणि त्याच्यावर खपली लवकर धरते. ते दुसरं मेम्ब्रेन आधी बदलायला लागेल हे धरून चाला. बाहेर पडलेल्या दोन लिटरांचा टीडीएस 800 च्या आसपास येतो. त्याने अंगण धुवा, संडासात वापरा, माडाला घाला. माड थोडी खार सोसतो, आंब्याच्या कलमाला मात्र घालू नका.

तिसरीही जोडणी आहे, पहिल्याचं शुद्ध पाणी दुसऱ्यातून पुन्हा गाळायची. पाणी फार स्वच्छ येतं, पण मध्ये दुसरा पंप लागतो, कारण शुद्ध बाजूला दाब उरत नाही. विहीर फारच खारी असेल तरच त्या वाटेला जा.

एक सवय लावून घ्या. रात्रभर बंद राहिलेल्या मेम्ब्रेनचं सुरुवातीचं पाणी जड असतं. सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं बादलीत घ्या, टीडीएस मीटरचा आकडा खाली आला की मग टाकीत सोडा. आणि आधीच भाजून बसलेले कॅल्शियमचे डाग या पाण्याने जाणार नाहीत. ते एकदा व्हिनेगर नाहीतर लिंबूसत्त्वाने काढा, मग पुढे हे पाणी सांभाळेल.

पावसाळ्याचं विचारता? पागोळीचं पाणी मुळातच हलकं असतं. पहिले चार-पाच जोरदार पाऊस जाऊ द्या, कौलांवरची धूळ आणि मीठ धुऊन निघतं. मग पागोळीखाली फडकं बांधलेलं पिंप ठेवा आणि मीटर लावून बघा. पंधरा-वीस दाखवलं तर ते थेट रेझिनमधून घ्या. मेम्ब्रेनला तेवढे दिवस विश्रांती, पण त्यांना कोरडं पडू देऊ नका, दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी फिरवत राहा.