अंगात ताप, हजेरीपटावर हजर

नमस्कार श्रोतेहो. शाळांची आरोग्य तपासणी करत फिरणाऱ्या पथकात मी डॉक्टर आहे. आमची गाडी शाळेच्या फाटकातून आत आली की पोरं ओरडतात, "सुई आली, सुई आली!" आणि निम्मी पोरं मुतारीमागं पळतात. खरं तर आमच्याकडे सुई नसते. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, टॉर्च, स्टेथोस्कोप आणि डोळे तपासायचा तक्ता, एवढाच आमचा संसार.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा. दुसरीतला एक मुलगा भिंतीला टेकून बसला होता. बाकीचे रांगेत ढकलाढकली करताहेत आणि हा गप्प. कपाळाला हात लावला तर चटकाच बसला. थर्मामीटरवर १०२. बाईंनी आईला फोन लावला. ती दुसऱ्याच्या रानात कांदा लावायला गेलेली. म्हणाली, "सकाळी औषध पाजून धाडलंय की बाई. उतरला होता ताप."

खोटं नव्हतं ते. ताप उतरवणारं ते गोड औषध चार-सहा तास काम करतं. सकाळी सातला पाजलं की परिपाठ होतो, पाढे होतात, सगळं ठीक असतं. खिचडीची सुट्टी व्हायच्या सुमाराला पोर पुन्हा फणफणतं. तोवर त्यानं शेजारच्या तिघांबरोबर एकाच बाटलीतलं पाणी प्यायलेलं असतं.

पूर्वी मी अशा आयांवर रागवायचे. आता रागवत नाही. घरी राहायचं तर तिची दिवसाची मजुरी बुडते. घरात म्हातारं माणूस नाही. शाळेत निदान डोक्यावर छप्पर आहे, बाईंची नजर आहे, आणि दुपारी पोटात काहीतरी पडतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. पोर घरी राहिलं की तेही गेलं. म्हणून "आजारी मुलाला शाळेत पाठवू नका" अशी पाटी फळ्यावर लिहून भागत नाही. ती पाटी कुणाला परवडते, हे आधी विचारावं लागतं.

तरीही कुठल्या आजारात किती दिवस घरी, हे माहीत असावं. कांजिण्या आल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. साधारण आठवडा लागतो. आणि त्या तापात ॲस्पिरिन चुकूनही देऊ नका. गोवरात अंगावर पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. साध्या तापात, औषध न देता चोवीस तास ताप आला नाही की मग पाठवा. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावायचं आणि दुसऱ्या दिवशी पोर शाळेत. उवांसाठी एकही दिवस बुडवायची गरज नाही. मुलींना उवांवरून वर्गात वेगळं बसवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत, ते मला मुळीच पटत नाही.

डोळ्यांची साथ तुम्हाला आठवत असेल. २०२३ च्या जुलैत आळंदीला हजारो मुलांचे डोळे आले होते, मग ती साथ राज्यभर पसरली. त्या दिवसांत गावोगाव काळ्या चष्म्यांचा खप काय वाढला होता! डोळे आलेल्याकडे बघितल्यानं डोळे येत नाहीत, श्रोतेहो. त्याच्या हातानं, रुमालानं, टॉवेलानं येतात. चष्म्याऐवजी साबण घेतला असता तरी चाललं असतं.

आमच्या आजीच्या काळी कांजिण्या आल्या की दाराला कडुलिंबाचा टाळा लागायचा. पोर आतल्या खोलीत, मऊ भात, पाहुण्यांनी उंबऱ्यातूनच चौकशी करायची. देवीचा कोप वगैरे समजुती मी मानत नाही. पण त्या टाळ्याचा अर्थ गावातल्या प्रत्येकाला कळायचा आणि "अभ्यास बुडतोय" असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

आता हिंमत आहे, आणि बक्षीसही आहे. वर्षअखेरीला शंभर टक्के हजेरीसाठी कंपास पेटी दिली जाते, टाळ्या वाजतात. मला विचाराल तर हे बक्षीस बंद करावं. वर्षभरात एकदाही आजारी न पडणारं मूल विरळाच. त्या कंपास पेटीसाठी किती जण तापात येऊन बसले, ते कुणी मोजत नाही. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी १९९२ मध्ये दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. मुलींनी शाळेत यावं हा हेतू चांगलाच. पण आजारपणाचा दिवस हा गैरहजेरीचा दिवस धरू नये, एवढी सोय आपण हजेरीपटात करू शकतो की नाही?

आता आमच्या कामाविषयी थोडं. शाळेतली मुलं डॉक्टरानं तपासायची ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. बडोदे संस्थानात, सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०९ साली शाळकरी मुलांची अशी तपासणी झाली आणि ती देशातली पहिली मानली जाते. आज आम्ही ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली फिरतो, त्याची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. पथकात दोन डॉक्टर, एक सिस्टर, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा.

एकदाच! आणि नेमकं त्या दिवशी तुमचं मूल मामाच्या गावी असतं.

तपासणीच्या दिवशी पाठवाच, कारण काही गोष्टी घरात कळत नाहीत. चौथीतली एक मुलगी तक्त्यापुढं उभी राहिली आणि सगळ्या ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. मला बरं वाटलं. मग सहज म्हणून दुसऱ्या डोळ्यासाठी मी तक्ता उलटा धरला, तरी तिनं तेच म्हटलं. रांगेत पुढं असलेल्या मैत्रिणींचं ऐकून पाठ केलं होतं तिनं. उजव्या डोळ्यानं तिला वरची दोनच अक्षरं दिसत होती. वर्गात तिला "लक्ष नसतं" म्हणून मागं बसवलेलं. चष्मा शाळेच्या कार्यक्रमातून मोफत मिळाला. हृदयाला छिद्र असलेली मुलंही अशीच सापडतात, स्टेथोस्कोप लावताना, आणि त्यांच्या शस्त्रक्रिया सरकारी खर्चानं होतात.

गोळ्यांबद्दल मात्र तक्रारी फार येतात. लोहाची गोळी आठवड्यातून एकदा मिळते, पाचवीपर्यंत गुलाबी आणि सहावीपासून निळी. ती जेवणानंतरच घ्यायची. वर चहा प्यायला नाही तर बरं, चहानं लोह अंगी लागत नाही. दुसऱ्या दिवशी शौच काळी होते, घाबरू नका, लोहानं तसंच होतं. जंताची गोळी चावून खायची, आणि त्या दिवशी मूल आजारी असेल तर बाईंना सांगा, बरं झाल्यावर मागाहून देतात.

तर तो दुसरीतला मुलगा. आशाताईंनी बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, हिवतापाच्या तपासणीसाठी. ओल्या फडक्यानं अंग पुसलं. कार्यालयाच्या खोलीत दोन बाक जोडून त्याला निजवलं. एक बाई वर्गावर, दुसऱ्या त्याच्याजवळ, म्हणजे दुसरी ते चौथीचे वर्ग त्या दुपारी आपोआपच चालले.

साडेतीनला आई आली, पायाला चिखल तसाच. त्याला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "उद्या घरी ठेवते. पण मी रानात गेल्यावर ह्याच्याजवळ कोण?" बाई माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या पिशवीत सगळी औषधं होती, ह्याचं उत्तर नव्हतं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी भांडी घासत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "माझी सासू घरीच असते. तिच्याजवळ निजव त्याला. दुपारचा भात मी नेऊन घालीन."

सासूबाई सत्तरीच्या. त्यांनाही ताप लागू शकतो, हे मला कळत होतं. मी एवढंच म्हटलं, "त्यांचं अंथरूण जरा लांब घाला, आणि पाण्याचा तांब्या वेगळा ठेवा." मावशी म्हणाल्या, "ठेवते."