फुई अडकली ती लेव्हल

[दृश्य: चोपडा. मे महिन्यातली दुपार, लोटलेली दारं, कूलरचा घरघराट. मोबाईलवर एक बोट घुटमळतंय.]

खानदेशात मे महिन्याच्या दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. त्यामुळे गेम तपासून घ्यायला माणसं घरातच सापडतात. आज फुईची, म्हणजे आत्याची, पाळी आहे. गेम तिच्या भाचीनं बनवलाय, आणि ती शेजारी तोंडाला कुलूप लावून बसलीय. खेळणाऱ्याला काहीही सांगायचं नाही, हा तिचा नियम.

[दृश्य: मोबाईलचा पडदा]

पॅकहाऊसमध्ये हमालाकडून केळीची खोकी ढकलत खुणेवर न्यायची, एवढाच खेळ. खोकं ढकलता येतं, ओढता येत नाही. कल्पना जुनी आहे. हिरोयुकी इमाबायाशी यांचा 'सोकोबान' जपानमध्ये १९८२ साली बाजारात आला, त्याचाच हा वंशज. नियम एका दमात सांगून होतात. पण हे कोडं संगणकालाही घाम फोडणाऱ्या प्रश्नांपैकी आहे, हे संगणकशास्त्रज्ञ जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ मध्ये सिद्ध केलं.

मग हा नियम फुईला शिकवायचा कसा? आधी पडद्यावर सूचना होती: 'खोकं ओढता येत नाही.' ती कुणी वाचलीच नाही. लग्नपत्रिकेतली खालची बारीक ओळ तरी कोण वाचतं!

आता सूचना काढून टाकलीय. तिचं काम दुसऱ्या लेव्हलकडे दिलंय. ती नीट बघा. तीन घरं रुंद, पाच घरं लांब खोली. मधल्या ओळीत डाव्या भिंतीला लागून खूण, तिच्या शेजारी हमाल, त्याच्यापुढे खोकं. म्हणजे खोकं न्यायचंय हमालाच्या पाठीमागे. फुई एकदा ढकलते. खोकं एक घर पुढे सरकतं. अजून काही बिघडलेलं नाही. पलीकडून वळसा घालायला जागा आहे. पण फुई आणखी एकदा ढकलते आणि खोकं उजव्या भिंतीला चिकटतं.

"अडकी गय ना वं माय! आते काय करू?"

भाची गप्प.

फुई उलटं बोट फिरवून बघते. हमाल एकटाच मागे येतो, खोकं जागचं हलत नाही. नियम इथे कळला. एक चूक माफ, दुसरी अडकवणारी. हे माप खोलीच्या लांबीतच बसवलंय. खोली एका घरानं छोटी केली असती, तर पहिल्याच धक्क्याला खोकं भिंतीला लागलं असतं आणि फुईनं मोबाईल ठेवून दिला असता.

[दृश्य: वहीतल्या चौकटी, खोडरबर]

अडकणाऱ्या लेव्हलचं दुखणं लगेच दिसतं. चकवते ती आपोआप सुटणारी. पुढच्या एका लेव्हलमध्ये शिकवायचं होतं की एकामागे एक लागलेली दोन खोकी सरकत नाहीत. पण बाजूला एक घर मोकळं राहिलं होतं. खेळणारे तिथून वळून गेले, खोकी लागली, टाळ्या वाजल्या. दोन लेव्हल पुढे तेच लोक हटकून अडकायचे. त्या मोकळ्या घरात भिंत घातली. आता दोन खोक्यांना एकदा तरी धडक दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

१९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्येही सुरुवातीलाच अशी चलाखी आहे. पेटीतून निघालेलं मशरूम उजवीकडे घरंगळतं, पाइपाला आपटतं आणि उलट आपल्याकडेच येतं. ते चुकवणंच अवघड. अंगाला लागलं की मारिओ मोठा होतो; खायची वस्तू आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

[दृश्य: पुन्हा फुई]

एका मुद्द्यावर घरात वाद आहे. धाकट्या भावाला 'मदत' असं बटण हवंय, भाचीचा ठाम नकार आहे. माझं मत भाचीच्या बाजूनं. उत्तर दाखवणारं बटण एकदा हाताशी आलं की भिंतीचं माप कोण काढत बसणार? तडजोड म्हणून एकच बटण ठेवलंय: एक पाऊल मागे. तेही पहिल्यांदा खोकं अडकल्यावरच दिसतं.

फुईला ते दिसलंय. खोकं भिंतीपासून सुटलंय, हमाल वरच्या ओळीतून पलीकडे निघालाय.