फुंकलं की आकडा येतो, पण तो कितपत खरा?

बसा बसा, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. विषय ड्रिंक अँड ड्राइव्हचा आहे म्हणून मागे लपायची गरज नाही!

आधी कायद्याचं पटकन सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 185, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, पहिल्याच वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. आता गंमत बघा, मर्यादा रक्ताची आणि नाकाबंदीत मोजतात श्वास. म्हणजे ब्रेथ अॅनालायझर, ते फुंकायचं मशीन, रक्त बघतच नाही, हिशोब करतं. गृहीत असं की 1 मिलिलिटर रक्तात जेवढं अल्कोहोल तेवढंच 2100 मिलिलिटर श्वासात, सगळ्यांच्या, सगळ्या वेळी. तसं नसतं ना. एखाद्याचं प्रमाण 1700 असेल तर त्याच्या रक्तात 26 असताना मशीन 32 दाखवणार, केस झाली. आणि 2400 वाल्याच्या रक्तात 34 असले तरी मशीनवर तीसच्या आत, तो सुटला. बहुतेकांचं प्रमाण 2100 च्या वरच असतं, त्यामुळे मशीन जास्त करून पिणाऱ्याच्या बाजूनेच चुकतं, हे कोणी सांगत नाही. आणि 120 आला असेल तर कृपा करून मला गणित शिकवायला येऊ नका, तिथे वाद नाहीच, सगळा घोळ 25 ते 40 च्या पट्ट्यात.

पण खरा घोटाळा तोंडातला असतो. मशीनला फुफ्फुसाच्या तळातली हवा हवी असते, म्हणून हवालदार "फुंका, फुंका, अजून फुंका" म्हणत राहतात, ते बरोबरच आहे. पण आत्ताच माउथवॉशने चूळ भरली असेल किंवा ढेकर आला असेल तर ते अल्कोहोल तोंडातच असतं आणि आकडा वेड्यासारखा उडतो. उपाय साधा, 15 मिनिटं माणसाला समोर बसवा, खायला प्यायला काही नाही, मग नवीन नळी लावून परत फुंकायला लावा. आपल्या कायद्यात ही 15 मिनिटं लिहिलेलीच नाहीत आणि थर्टी फर्स्टच्या रात्री मागे गाड्यांची रांग लागलेली असताना कोण थांबणार?

केरळातला किस्सा माहितीये का, जुलै 2025, पंदळमचा सरकारी बस डेपो, ड्रायव्हर ड्युटीआधी फुंकतात तर दारू न पिता पॉझिटिव्ह! शेवटी कळलं की पिकलेला फणस खाल्ला होता. मग एकाने आधी फुंकलं, शून्य, फणस खाल्ला, परत फुंकलं, पॉझिटिव्ह. पिकलेला गरा थोडा आंबलेला असतोच, कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. मशीन खोटं बोललं नाही हां, तोंडात अल्कोहोल होतंच, फक्त तो माणूस प्यायलेला नव्हता.

दुसरी गोष्ट कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय ना याची तपासणी. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये मशीन तपासणाऱ्या एका सार्जंटने थर्मामीटरने तापमान बघायची पायरी गाळली असा ठपका आला, तर तिथल्या सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये 20,000 हून जास्त चाचण्या पुराव्यातून बाद ठरवल्या. एक थर्मामीटर! आपल्याकडे वकिलाने शेवटच्या कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट मागितलं की बऱ्याच केसची हवा निघते असं माझं मत आहे, आणि पोलिसांनी चिडण्यापेक्षा ते जवळ ठेवावं.

आता तुमच्या प्रश्नाकडे, फुंकायला नाहीच म्हटलं तर? तो शहाणपणा नको. कलम 205 प्रमाणे सबळ कारण नसताना दिलेला नकार तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो. त्यापेक्षा फुंका, आकडा काठावरचा वाटला तर लगेच रक्त तपासा म्हणा. अटक झाली असेल तर 2 तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं, हे कलम 202 मध्येच आहे. आणि उशीर करू नका, शरीर तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं, तीन तासांनी काढलेलं रक्त मशीन बरोबर होतं की चूक हे काय सांगणार.