खुब्याजवळचा खळगा

टेबलावरचा हा सांगाडा. कमरेखाली दोन्ही बाजूंना पंख्यासारखी पसरलेली हाडं, त्यांची वरची कड म्हणजे इलियाक क्रेस्ट. आता बोट खाली येतंय. हा बाहेर आलेला उंचवटा मांडीच्या हाडाचा, ग्रेटर ट्रोकँटर. मधल्या जागेत बाहेरून हाडाचा टेकूच नाही. तिथे ग्लुटिअस मीडियस हा नितंबाचा स्नायू, त्याच्याखाली दुसरा, मिनिमस, वर चरबी आणि त्वचा. हल्ली ज्याला ‘हिप डिप्स’ म्हणतात, तो खळगा हाच. पुरुषांनाही असतो, पण त्यावरून त्यांना कोणी बोलत नाही.

स्वतःचा शोधायचा तर सरळ उभं राहा. तळहात मांडीच्या बाहेरच्या बाजूला, वरच्या टोकाशी टेकवा आणि टाच न उचलता पाऊल आत-बाहेर फिरवा. बोटांखाली टणक काहीतरी सरकतं, तो ट्रोकँटर. बोटं वर नेली की मऊ भाग लागतो, मग पुन्हा हाड.

कुणाचा खळगा खोल, कुणाचा दिसतही नाही. कड किती पसरट, कड आणि ट्रोकँटर यांत अंतर किती, मांडीच्या हाडाची मान, म्हणजे वरचा गोळा आणि दांडा जोडणारा भाग, दांड्याशी किती अंशांचा कोन करते, यावर ते ठरतं. मोठ्या माणसांत हा कोन साधारण 125 ते 135 अंश. कोन लहान, तसा ट्रोकँटर बाहेर. चरबी कुठे साठते हे अनुवंश आणि संप्रेरकांवर. पाळी थांबल्यावर ती पोटाकडे सरकते.

दिवा डोक्यावर घेतला की खळगा गडद. समोर आणला की जवळजवळ गायब.

पाय बाजूला उचलायच्या व्यायामाने मीडियस बळकट होतो, चालताना तो लागतोच. हाडांमधलं अंतर मात्र तेवढंच राहतं. चरबी भरायच्या शस्त्रक्रियाही होतात. भरलेली काही चरबी विरते, जंतुसंसर्गाचा धोका असतो.

आता शिंप्याचं कापड कापायचं टेबल. हिपचं माप नितंबांच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, पाय जुळवून, टेप जमिनीला समांतर. टेप नेमकी खळग्यावर सरकते, माप कमी येतं, मग पँट मांडीपाशी ओढते आणि आडव्या सुरकुत्या पडतात. म्हणून मापं दोन घ्यायची, खळग्यावरचं आणि ट्रोकँटरच्या पातळीवरचं, शिवाय कमरेपासून दोन्हींचं अंतर. हा खडू बघा. कडेची रेघ नेहमीसारखी फुगीर काढली, तर खळग्यावर कापडाची पिशवी होते. ती इथे जरा सपाट उतरवली. कच्ची शिवण घालून पँट चढवली, आणि कापड दोन्ही बाजूंनी बसलं.