आधी टाकी, मग इंजिन

(दृश्य : गोव्यातल्या केरीचा किनारा, सकाळ. नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला. होडीतला माणूस इंजिनाची दोरी ओढतोय.)

लागलं. दोन मिनिटं चाललं. खोकलं, बसलं. पुन्हा दोरी.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. ६१ दिवस होडी माडाखाली झावळांनी झाकलेली, इंजिन पडवीत. टाकीच्या तळाला उरलेलं पेट्रोल मात्र तिथंच राहिलं. काल त्यावर ताजं ओतलं.

"कार्बोरेटर गेलो मरे!" होडीवाला म्हणतो. मेस्त्री इंजिनाकडे बघतसुद्धा नाही. तो टाकीशी बसतो.

(दृश्य : टाकीचं झाकण, अगदी जवळून.)

झाकणावरचा हा बारका स्क्रू. पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा इथून आत यावी लागते. तो बंद असेल तर टाकीत पोकळी होते आणि थोड्या वेळाने पेट्रोल येईनासं होतं. इथे स्क्रू उघडा आहे. मेस्त्री पुढे सरकतो.

नळीच्या मधला रबरी फुगा, म्हणजे बल्ब. त्यावरचा बाण इंजिनाकडे. निदानाचं अर्धं काम या फुग्यावर होतं. दाबत गेलं की तो कडक व्हायला हवा. इंजिन चालताना चपटा झाला, तर टाकीच्या बाजूला काहीतरी अडलंय. इंजिन बसायच्या बेतात असताना बल्ब दाबला आणि त्याने पुन्हा जोर धरला, तर फ्युएल पंपाचा पडदा थकलाय, नाहीतर नळीत हवा शिरतेय. टाकीत पेट्रोल असूनही कितीही दाबला तरी मऊच राहिला, तर बहुधा हवाच.

(दृश्य : मेस्त्रीचा हात, फुगा, पुन्हा हात.)

मऊच आहे.

बाहेर एक थेंबही गळलेला नाही, आणि इथेच माणूस फसतो. या नळीत इंजिन पेट्रोल ओढून घेतं; फट असली तरी पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जोडणीतली रबरी रिंग चिरलीय. नवी बसते. फुगा कडक होतो. इंजिन लागतं...

(निवेदन थांबतं. इंजिन धडधडतं, बसतं.)

मेस्त्री टाकीच्या तळातलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेतो आणि बाटली वाळूत उभी करतो.

(दृश्य : बाटली. दोन थर, मध्ये रेघ.)

आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापलीकडे पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीतली नळीही तळातूनच ओढते. टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं; ते राहतं वरच्या थरात, म्हणजे पिस्टनला ते मिळतच नाही. इथेनॉलचं हे मिश्रण ठरवताना रोज पळणारी मोटार डोळ्यांसमोर असावी. पावसाळाभर निजणारी होडी नसावी.

पाणी आलं कुठून? त्याच स्क्रूमधून. तो दोन महिने उघडाच होता.

बाटली हलवून पेट्रोल पुन्हा एकजीव करता येत नाही. टाकी रिकामी होते, गाळणी धुतली जाते, आणि आता कुठे कार्बोरेटरची पाळी येते. तळाचा स्क्रू सोडून त्याच्या वाटीतलं पाणी काढलं जातं. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटची भोकं केसाएवढी बारीक. तार घातली तर ती मोठी होतात, म्हणून फक्त क्लीनर आणि फुंकर.

नदीच्या मुखाशी लाटा फुटत असताना इंजिन बसलं, तर होडी आडवी होते. ते आमच्याकडे चित्रित झालेलं नाही.

(दृश्य : फुगा कडक. दोरी. इंजिनाचा सलग आवाज. होडी किल्ल्याच्या अंगाने मुखाकडे जाते.)

चिरलेली रिंग मेस्त्रीने खिशात घातलीय. पुढच्या गिऱ्हाईकाने कार्बोरेटरचं नाव काढलं, की दाखवायला.