मतलईची वाट

(पहाट. डोलकाठीवरचा दिवा. पाण्याचा आवाज.)

पहाटेचे साडेपाच. जयगडची खाडी. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नाही, तरी गालाला काहीतरी गार लागतंय. त्याला धुराचा, शेणाचा, ओल्या पाल्याचा वास आहे. हा वास समुद्राचा नव्हे. रात्रभर निवत गेलेल्या जमिनीवरची जड हवा समुद्राकडे सरकते, तोच हा वारा. मतलई.

शाळेत मतलई आणि खारे वारे दोन गुणांना यायचे. इथे त्यांच्यावर आख्खा दिवस चालतो.

(नांगराची साखळी वर येते. मोठं शीड चढतं.)

नोव्हेंबर महिना. मुंबई सोडून आज चौथा दिवस. बत्तीस फुटांची फायबरची होडी, एक डोलकाठी, दोन शिडं, चार माणसं. मुंबई ते गोवा समुद्रानं सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, आणि सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. ताशी चार-पाच मैल पडले तर आम्ही खूश. रेल्वे हेच अंतर एका रात्रीत कापते, पण तिला सुवर्णदुर्ग लागत नाही.

(मागच्या तीन दिवसांची दृश्यं: खांदेरीचं दीपगृह, पद्मदुर्ग, हर्णैचा लिलाव.)

मुंबईतून बाहेर पडताना काश्याच्या खडकापाशी सगळे गप्प होतात. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट तिथे बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. पुढे खांदेरी, उंदेरी, मुरूडसमोर जंजिरा आणि पद्मदुर्ग, मग हर्णैला सुवर्णदुर्ग. हर्णैला मासे वाळूतच उतरतात, वाळूतच विकले जातात. आमची होडी लांब नांगरून आम्ही वल्ह्यांच्या छोट्या नावेतून काठाला गेलो. होडीचा तळ पाण्याखाली दीड मीटर जातो, जवळ जाणं शक्यच नव्हतं.

या दीड मीटरनं आमचा सगळा प्रवास ठरवला. बाणकोट घ्या. सावित्रीचं तोंड नकाशावर ऐसपैस दिसतं, पण आडवा वाळूचा दांडा आहे. ओहोटीला त्यावर लाटा फुटतात. आत शिरायचं तर भरती हवी, आणि भरतीची वेळ काढायला अजूनही कॅलेंडर पुरतं. तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला सव्वाअकराच्या सुमाराला. मिनिटांचा फरक पडतो, पण दांडा ओलांडायला एवढा हिशेब चालतो. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. दक्षिणेला उतरावं तशी ही चढउतार कमी होत जाते, गोव्यात दोन मीटरच्या आसपास येते. म्हणजे खाली जावं तशी भरतीची मदत घटते. गाळ मात्र घटत नाही. पूर्वी ज्या खाड्यांत गलबतं वर गावापर्यंत जात, त्यांच्या तोंडाशी आज आम्ही शिशाची दोरी सोडून खोली मोजत होतो. किनाऱ्यावर पर्यटनाच्या पाट्या आहेत, जेटस्की आहेत. वाऱ्यावर आलेल्या होडीनं रात्री कुठे टेकायचं, ते पाटीवर नाही.

(पुन्हा जयगडबाहेर. ऊन चढतंय. शीड लोंबतंय.)

हिवाळ्यातल्या कोकणचा नेम साधा आहे. नऊ-दहाला मतलई दम सोडतो. मग तास-दोन तास सगळं ठप्प, शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं. तोवर जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा धावते. दुपारी वायव्येकडे पाण्यावर काळसर रेघ उमटते, ती जवळ येत जाते, आणि होडी कलते. हा खारा वारा. गोव्याकडे निघालेल्याच्या तो पाठीशी असतो. परतताना तोच तोंडावर. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही, पंचेचाळीस अंश सोडून नागमोडी काढावी लागते. म्हणून उत्तरेला जायचं तर किनारा धरून, रात्रीच्या मतलईवर.

तर त्या दिवशी आम्ही काळ्या रेघेची वाट पाहत होतो. रत्नागिरीचा रत्नदुर्ग मागे पडला. पावसचा किनारा डाव्या हाताला. बारा वाजले. रेघ नाही.

(लांब, संथ लाटा. क्षितिजावर ढगांची पट्टी.)

नीट पाहा. वारा शून्य आहे आणि तरीही होडी वरखाली होतेय. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या या लाटा इथल्या वाऱ्यानं उठलेल्या नाहीत. दूर कुठेतरी समुद्र खवळलाय, त्याची ही आगाऊ खबर. आदल्या रात्री हवामान खात्याच्या पत्रकात खाली अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र होतं. आम्ही ते वाचलं होतं. फोनमधलं ॲप मात्र ‘दुपारी वायव्य, दहा नॉट’, म्हणजे ताशी दहा सागरी मैल, म्हणत होतं, आणि आम्हाला विजयदुर्ग गाठायचा होता. चौघांनीही ॲपवर विश्वास ठेवला. सोयीचा अंदाज लवकर पटतो.

(ट्रॉलर्सची रांग, रत्नागिरीच्या दिशेनं.)

हे दृश्य आम्ही सुंदर दिसतं म्हणून टिपलं होतं. भर दुपारी एवढ्या बोटी बंदराकडे का निघाल्या, हा प्रश्न नंतर पडला. शेवटच्या बोटीवरच्या तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचा, हात पाहा. आधी दक्षिणेकडे, मग जमिनीकडे. दोनदा.

वीस मिनिटांत आग्नेयेचा वारा आला. आधी आठ नॉट, मग पंधरा, मग बावीस. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो.

(शीड लहान करण्याचं काम, सलग.)

हे काम असं चालतं. सुकाणूवरचा माणूस होडी वाऱ्याकडे वळवतो, शीड फडफडायला लागतं, त्यातला जोर निघून जातो. डोलकाठीपाशी उभा असलेला दोर ढिला सोडतो, शीड हातभर नव्हे, चांगलं पुरुषभर खाली येतं. पुढची कडी आकड्यात अडकवायची, मागचा दोर बूमवर, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावर, ओढून घट्ट करायचा, सुटलेलं कापड गुंडाळून बांधायचं. पुन्हा दोर ताणायचा. शांत पाण्यात तीन मिनिटं लागतात. इथे अकरा लागली. पण पाहा, शीड आखडल्यावर होडी सरळ होते, आणि वेग जवळपास तेवढाच राहतो. नवशिक्याला हे पटत नाही. त्याला वाटतं, कापड जास्त म्हणजे वेग जास्त. कललेली होडी नुसती बाजूला घसरत असते.

विजयदुर्ग वीस मैल, थेट वाऱ्याच्या तोंडावर. रत्नागिरी सात-आठ मैल, वारा पाठीवर घेऊन. होडी फिरवली.

पुढचे दोन तास कॅमेरा खाली केबिनमध्ये होता. पुढचं शीड फाटलं, एकाचं मनगट मोडलं.

(रत्नदुर्गाची टेकडी, पाऊस. बंदरावर बावटा.)

रत्नदुर्गाच्या उत्तर अंगाला, टेकडीच्या आडोशाला आम्ही नांगर टाकला. दक्षिणेचा वारा टेकडी अडवते. वारा वायव्येला फिरला असता तर तीच जागा उघडी पडली असती, म्हणून रात्रभर पाळीपाळीनं पहारा. बंदरावर वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला होता. धक्क्यावर नोव्हेंबर म्हटलं की कुणीतरी फयानचं नाव काढतंच. 11 नोव्हेंबर 2009 ला ते वादळ अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्यावर आलं, आणि समुद्रावर असलेले कितीतरी खलाशी परतले नाहीत. आमचं कमी दाबाचं क्षेत्र तसं वाढलं नाही. पश्चिमेला सरकून विरलं. बोटींचे मासेमारीचे तीन दिवस गेले.

(धक्का. तांडेलाच्या हातात फोन.)

हात करणारा तांडेल इथेच भेटला. आम्ही त्याला ॲप दाखवलं. त्यानं ते बारकाईनं पाहिलं, बोटानं नकाशा मोठा केला, हसला, फोन परत दिला. मग त्यानं आमच्या डोलकाठीकडे पाहून विचारलं, हिला इंजिन आहे की नाही?

आहे. छोटं. शक्यतो लावत नाही.

तो पुन्हा हसला.

(रत्नागिरीतला चौथा दिवस, पहाट. धुकं. नांगर वर येतो.)

साडेपाच. फाटलेल्या शिडाच्या जागी जुनं, लहान शीड. माणसं तीन. चौथा रेल्वेनं घरी गेला. पत्रक दोनदा वाचून झालंय.

पूर्वेकडून गालाला गार लागतंय. धुराचा वास.