मंडईसमोर बसायची जागा

पुण्यातल्या महात्मा फुले मंडईच्या चौकात सकाळीच स्केचवह्या घेऊन आलेल्या या मंडळींनी अजून एकही रेघ ओढलेली नाही. कोणी पायरीवर बसून पाहत आहे, तर कोणी उठून चार पावले डावीकडे सरकत आहे. शाळेत वस्तुचित्राच्या तासाला तांब्या आणि टोमॅटो हवे तसे मागेपुढे ठेवता येतात. इथे मात्र १८८६ साली खुली झालेली दगडी इमारत, तिचा अष्टकोनी मनोरा आणि रस्त्याकडेची हातगाडी यांपैकी काहीच आपल्या सोयीने हलत नसल्यामुळे, बसायला जागा कोणती धरायची, हाच मांडणीतला पहिला निर्णय ठरतो.

या निर्णयातून नजरेची पातळी ठरते. उभे राहून पाहिले, तर सपाट चौकातल्या उभ्या माणसांचे डोळे, ती जवळ असोत वा दूर, साधारण एकाच आडव्या रेषेवर येतात. तेच खालच्या पायरीवर बसले, की ती रेषा त्यांच्या कमरेच्या आसपास उतरते, जवळची डोकी बरीच वर जातात आणि मनोरा अधिक भारदस्त दिसू लागतो.

यानंतर पाहायच्या असतात त्या कडा, आणि नवशिक्यांची चित्रे बहुतेक वेळा इथेच फसतात. हातगाडीवरच्या छत्रीचे टोक मनोऱ्याच्या कडेला नेमके टेकले, तर दोन्हींमधले अंतर कागदावरून नाहीसे होते आणि छत्री मनोऱ्याला चिकटवल्यासारखी दिसते. चित्रकाराने एक-दोन पावले सरकून छत्री मनोऱ्यावर ठळकपणे आणली किंवा त्याच्यापासून पुरती सोडवली, की मधला चौक पुन्हा खोल दिसतो. विजेच्या तारा खुशाल वगळाव्यात. पाहून काढणे म्हणजे दिसेल ते सगळे काढणे नव्हे.

काय घ्यायचे हे ठरवायला पुठ्ठ्याची चौकट पुरते, मात्र तिच्या खिडकीचे प्रमाण कागदाशी जुळले पाहिजे. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असल्याने खिडकी ७ बाय ९.९ सेंटिमीटरची ठेवावी. कागदाचे तीन-तीन भाग पाडून विषय छेदबिंदूवर बसवण्याचा नियम सगळीकडे सांगितला जातो. तो सुरुवातीला उपयोगी असला, तरी मनोऱ्यासारखी सममित वास्तू मध्यावर घेतल्याने काही बिघडत नाही.

जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात प्रश्न वेगळा आहे. राष्ट्रकूट काळातल्या, आठव्या शतकाच्या सुमाराच्या या लेण्यासमोर अखंड खडकातून कोरलेला गोलाकार नंदीमंडप आहे. खांब एकेक करून काढत गेले, तर शेवटच्या खांबाला जागा उरत नाही. म्हणून जाणकार हात आधी छताच्या कडेचा लंबगोल हलकेच आखून घेतो आणि मग खांबांऐवजी त्यांच्यामधल्या काळोखाचे आकार काढत जातो. हे आकार शेजारच्या आकारांशी ताडून पाहता येतात, आणि ते बरोबर बसले की खांब आपोआप उभे राहतात.

उघड्या अंगणात ऊन सरकत राहते, त्यामुळे सावल्यांची बाह्यरेषा पहिल्या काही मिनिटांतच पक्की करावी लागते आणि पुढे सावली कुठेही गेली तरी त्या रेषेला हात लावायचा नसतो. असे केले नाही, तर खांबांवर नऊचे ऊन आणि जमिनीवर अकराची सावली, असे चित्र तयार होते.